पॉइंट चारची काच

दत्ता,

गेल्या रविवारी वैशाली दुकानात आली होती. तुझी लेक पायरी चढताना तुझ्यासारखीच डाव्या हाताने शटरची कडी धरते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. खांद्याला तुझी खाकी पिशवी होती. तिच्यातून तिने तुझा तो तळहाताएवढा व्हिडिओ कॅमेरा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"वसंतकाका, ह्याची पुढची लेन्स तुमच्याकडे आहे असं बाबा म्हणायचे. सापडली तर द्या. सगळं एकत्र ठेवीन म्हणते."

"शोधतो," मी म्हणालो.

"आणि मंडळाची स्मरणिका निघतेय. बाबांवर एक पान हवंय. तुम्हीच लिहा ना. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

लेन्स शोधायची काही गरज नव्हती. बारा वर्षं ती माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, सगळ्यात खालच्या खणात आहे. खरं तर तिथे दोन लेन्स आहेत. दुसरीबद्दल तुला मी कधी सांगितलं नाही.

तुझा जन्म, मालवणची शाळा, फौजेतली वर्षं, पॅराशूटच्या उड्या किती, पदकं कोणती, हे सगळं बंड्या लिहील. त्याला मामाचं सगळं तोंडपाठ आहे. पण हे पान मी खास बंड्यासाठीही लिहितोय. "मामाने आईचं मुंडकं उडवलं" हा त्याचा विनोद ज्यांनी ज्यांनी लग्नात, बारशात, गणपतीत ऐकला आणि जे हसले, त्या सगळ्यांसाठी लिहितोय. मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो.

तू पहिल्यांदा घाटकोपरच्या माझ्या दुकानात आलास तेव्हा तुझ्या काखेत हेल्मेट होतं. मला वाटलं, कुरिअरवाला. तू हेल्मेट काउंटरवर ठेवलंस. त्याच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी ठोकून तिच्यावर हा कॅमेरा बसवलेला.

"ह्याच्यात माणूस पुरा येत नाही," तू म्हणालास. "काय तरी काच लावून द्या."

"थोडं मागे सरकून काढा की."

"मागे सरकायला तिथे जागा भरपूर आहे हो. पण मागे गेलो तर माणूस मुंगीएवढा दिसतो."

"तिथे म्हणजे कुठे?"

तू बोट वर केलंस. मी छताकडे पाहिलं.

मग तू मला समजावलंस. फौजेतून निवृत्त झाल्यावर तू एका लहान धावपट्टीवर काम धरलं होतंस, मुंबईपासून काही तासांवर. थंडीतल्या शनिवार-रविवारी तिथे हौशी लोक विमानातून उड्या मारायचे. नवख्या माणसाला शिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधायचं आणि दोघांनी मिळून उडी मारायची. त्यांच्यासोबत तिसरा उडी मारतो, तो तू. पॅराशूट उघडेपर्यंत मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात त्या माणसाच्या समोर जाऊन, हवेत पालथं पडून, त्याचा चेहरा टिपायचा. हात मोकळे नसतात, कारण हातांनीच हवेत तोल सांभाळायचा असतो. कॅमेऱ्याला डोळा लावता येत नाही. उजव्या डोळ्यासमोर हेल्मेटला लावलेला तारेचा एक छोटा गोल असतो. त्या गोलात माणूस धरायचा आणि बाकी लेन्सवर सोडायचं.

"म्हणजे काय येतंय ते तुम्हाला दिसतच नाही?" मी विचारलं.

"नाही. विश्वास."

कोणाच्या लेन्सवर विश्वास ठेवतोयस, हे तेव्हा तुला कुठे माहीत होतं.

तुझी काच निवडायला आपण आरे कॉलनीत गेलो होतो, आठवतंय? कॅमेऱ्याच्या पुढे स्क्रूसारखी फिरवून लावायची जोडलेन्स. तिच्यावर आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं जास्त जग आत येतं. मी तीन नेल्या होत्या: पॉइंट तीन, पॉइंट चार, पॉइंट पाच. तू रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर हेल्मेट घालून पालथा पडलास, हातपाय हवेत. मी सुतळीला गाठी मारून आणल्या होत्या. एक हात, दोन हात, चार हात, असा एकेका गाठीवर मी उभा राहायचो आणि तू मान उचलून मला टिपायचास. तबेल्यातला एक भय्या दुधाची बरणी घेऊन थांबला. बराच वेळ त्याने बघितलं आणि मला हळूच विचारलं, "चक्कर आया क्या इनको? कांदा सुंघाओ." तू पालथ्याचा पालथा हसत खाली गवतात पडलास. कॅमेरा वाचला, कोपर सोललं.

दुकानात येऊन आपण तिन्ही चित्रं पाहिली. पॉइंट तीनमध्ये माझं नाक वांग्यासारखं आणि मागचा रस्ता केळ्यासारखा वाकलेला. ती बाद. मी म्हणालो, पॉइंट पाच घे. माणूस माणसासारखा दिसतो, क्षितिज सरळ राहतं. तू म्हणालास, पॉइंट चार.

"कशाला? कडा बघ कशा ओढल्यात."

"पाचमध्ये चेहरा येतो, जमीन येत नाही. माका दोन्ही व्हया."

"चार पावलं मागे जा, दोन्ही येईल."

"चार पावलं मागे गेलो तर त्याच्या डोळ्यातलं पाणी दिसेल काय रे? चेहरा वर, जमीन खाली. नुसता चेहरा काढायचा तर स्टुडिओत जाऊन बसेल ना तो! आणि नुसती जमीन काढायची तर तू काढ, गच्चीवरून. घाबरतंस कित्याक जवळ जायला?"

हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मी म्हणायचो, तुझी लेन्स खोटं बोलते. जवळचं फुगवते, लांबचं आणखी लांब नेते. तू म्हणायचास, ती खोटं नाही बोलत, ती फक्त जवळ यायला सांगते. तुझ्यापुरतं ते खरंच होतं. तू सगळ्यांच्याच जवळ जायचास. अर्धा संसार टाकून सुनंदा गेली तेव्हा लोक मला धीर देऊन देऊन दमवत होते. तू महिनाभर रोज दुपारी विक्रोळीहून येऊन दुकानातल्या स्टुलावर बसलास आणि पेपरातल्या जाहिराती मोठ्याने वाचल्यास. "पाहिजेत: अनुभवी शिवणकाम करणाऱ्या महिला. वसंता, जातंस?" महिनाभर एवढंच. तिचं नावही काढलं नाहीस. मी त्यावर जगलो, दत्ता. हे तुला कधी म्हटलं नाही, तेही आज म्हणून घेतो.

लेन्स ठरली पॉइंट चारची, आणि तिच्याबरोबर आपली ती पद्धतही. मुंबईच्या दमट हवेत दर पावसाळ्यानंतर काचांच्या मध्ये बुरशी धरायची. तू लेन्स आणून द्यायचास, मी उघडून, पुसून, परत बसवायचो. आणि परत देताना दरवेळी गल्लीत परीक्षा. मी दुकानाच्या पायरीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहायचो. तू एक हात आणि एक पाऊल अंतरावर, डोक्यावर हेल्मेट. माझी दोन्हीकडची बोटं चित्रात आली की लेन्स पास. शेजारचा फरसाणवाला दरवेळी विचारायचा, "वसंतभाई, पोलिसांनी पकडलं काय?" आणि तू मुद्दाम वेळ काढायचास. "रव, रव, हलू नको." माझे खांदे भरून यायचे, जाणारे-येणारे हसायचे. तू "उतर!" म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, हा तुझा नियम. विमानातून सोडलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणायचास. उतर.

बारा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तू लेन्स आणून दिलीस, तेव्हा स्टुलावर बसवत नव्हतं तुला.

"अक्का उडी मारतेय."

"कोणाची अक्का?"

"माझी रे! बोरिवलीची. सहासष्ट वर्षांची. म्हणते, जन्मभर तू उडी मारायला गेलास की मी देवापुढे बसायची. आता एकदा बघू दे मला, तू वर जाऊन करतंस तरी काय."

तुमची आई लवकर गेली. तुला अक्कानेच वाढवलं. तू फौजेत गेलास तेव्हा ती तीन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती, हे तूच मला सांगितलेलं. त्या दिवशी तू मला सांगितलंस की तुझ्या इतक्या उड्यांमध्ये ही एकच उडी तुला पाहिजे तशी टिपायची आहे. अक्काचा चेहरा वर आणि खाली जमीन.

"शुक्रवारपर्यंत दे," तू म्हणालास.

गुरुवारी दुपारी मी तुझी लेन्स उघडली. पुढची काच तिला चिकटणाऱ्या रबराच्या पेल्याने धरून मी उचलली, आणि ती माझ्या हातून निसटली. फार उंचावरून नाही, वीतभर. लोखंडी शिकंज्याच्या कडेवर आपटली. कडेला टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्या वर्षीच उन्हाळ्यापासून माझा उजवा हात थोडा थरथरू लागला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. सुनंदा नव्हतीच सांगायला. तुला तर मुळीच सांगितलं नसतं. दुकानाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि तोवर माझ्या हातून एक काच पडली नव्हती. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो. तुलाही हजारदा सांगितलं होतं.

कडेचा टवका चित्रात फारसा दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक ओरखडा दाखवत रडकुंडीला आलं की मीच समजूत काढायचो, अहो, काचेवर दिसतो, चित्रात नाही. तुला एक फोन केला असता तर तू म्हणाला असतास, "जाऊंदे, लाव तशीच." पण मग तू विचारलं असतंस, पडली कशी?

खणात त्याच बनावटीची पॉइंट पाच होती, आरेला नेलेल्या तिघींतली. दोन्ही एकाच साच्यातल्या. बाहेरून फरक फक्त पुढच्या कडीवर कोरलेल्या आकड्याचा आणि काचेच्या फुगवट्याचा, आणि तो फुगवटा दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही इतका. कडी आट्यांवर बसते. फिरवली की निघते. मी पॉइंट चारची कडी काढली आणि पॉइंट पाचवर बसवली.

दत्ता, हे मी तुला समोरासमोर कधीच सांगू शकलो नाही, म्हणून इथे पुरतं सांगतो. कडी फिरवताना माझ्या मनात नुसती भीती नव्हती. थोडा आनंदही होता. आता बघ म्हणावं, पाचने किती छान येतं ते. बहिणीचा चेहरा कसा सरळ, सुंदर येतो. तू परत येऊन म्हणशील, वसंता, ह्या वेळी झकास आलंय, आणि मी मनात म्हणेन, येणारच. आपलं भांडण मी तुझ्या पाठीमागे जिंकायला निघालो होतो.

शुक्रवारी तू आलास. लेन्स हातात घेतलीस, आकडा बघितलास आणि म्हणालास, "चल बाहेर. हात पसर."

"केलीय मी टेस्ट. सरळ लाव."

"कोणावर केलीस? फरसाणवाल्यावर?"

"दत्ता, केलीय म्हटलं ना. मी तीस वर्षं काय करतोय इथे?"

तू एक क्षण माझ्याकडे पाहिलंस. मग पिशवीत लेन्स टाकलीस आणि म्हणालास, "बरोबर. तुझ्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?" आणि शटरची कडी धरून पायरी उतरलास. एवढं सगळं मोजून दोन मिनिटांत झालं.

रविवारी संध्याकाळी बोरिवलीला अक्काच्या घरी सगळे जमले होते. मलाही तू हट्टाने बोलावलंस. अक्का सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, नवऱ्या मुलीसारखी. गालाला वारा लागून लालसर झालेली. सगळ्यांना सांगत होती, "भीती? भीती दारात उभी असेपर्यंत. मगे काय, पडतासच!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वसंत, वरती मी दत्ताक काय तरी म्हटलंय हां. तो एवढ्या जवळ होता, तरी त्याला आयकाक येऊक नाय वाऱ्यात."

"ओठ हलले ता दिसला," तू म्हणालास. "काय म्हटलंस ता कळला नाय. आता फिल्ममध्ये हळू करून बघतो."

"बघ," अक्का म्हणाली. "मी काय सांगूची नाय. तुझ्या फिल्मातच बघ."

बंड्याने कॅमेरा टीव्हीला जोडला.

पहिल्याच सेकंदाला मला कळलं. तू नेहमीच्या जागी होतास, अगदी जवळ, हात लांब केला तर गालाला लागेल एवढ्यावर. चेहरा वर ठेवलेला, जमीन खाली, तुझ्या पद्धतीने, तारेचा गोल चारच्या हिशेबाने बांधलेला. पॉइंट चारने दोन्ही आलं असतं. पाचमध्ये वरचा भाग चौकटीबाहेर गेला. अक्काची हनुवटी होती. गळा, छातीवरचे पट्टे, मागच्या शिक्षकाचे हात होते. खाली लांबवर शेतं, तळं, रस्ता, सगळं लख्ख. चेहरा नव्हता. पॅराशूट उघडेपर्यंत एकदाही नाही.

फिल्म संपली. मग बंड्या म्हणाला, "काय मामा, आईचं मुंडकं उडवलंस की!"

सगळे हसले. अक्काही हसली. "असू दे रे. माझी हनुवटी बरी दिसता. नायतर ह्या वयात कोण बघता!" तूही हसलास. पण रिमोट तू सोडला नाहीस. पुन्हा मागे नेलंस. पुन्हा. तिसऱ्यांदा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलास, जणू चौकटीच्या वर मान लांबवली तर दिसेल.

खाली जिन्यात तू थांबलास. मानेमागे हात फिरवत होतास.

"मान खाली गेली माझी, वसंता. मला वाटलं सरळ धरलीय. हाडांचं वय कळत नाही आपल्याला." मग म्हणालास, "आज अक्का होती, चाललं. उद्या दुसऱ्या कोणाचं असं केलं तर? पुन्हा वर जायचं आणि पुन्हा चेहरा काढायचा, एवढं सोपं नाही रे ते त्यांच्यासाठी."

तेव्हा सांगायला हवं होतं. जिन्यात आपण दोघंच होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, "दत्ता, मान नाही." पण माझा उजवा हात खिशात होता, आणि तो थरथरत होता. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

दुसऱ्या आठवड्यात तू लेन्स माझ्या काउंटरवर ठेवलीस. "काढून ठेव. माका नको आता." धावपट्टीवर जायचं तू बंद केलंस. ते लोक दोनदा घरी येऊन गेले, चला म्हणाले. तू गेला नाहीस. अक्काला पुन्हा वर नेऊ म्हटलं तर तिचे गुडघे बोलायला लागले, डॉक्टर नाही म्हणाले. हात माझा चुकला होता आणि म्हातारपण तू अंगावर घेतलंस.

त्यानंतर बारा वर्षं तू दर आठवड्याला माझ्या दुकानात येत राहिलास. चहा, पेपर, शिव्या, सगळं तसंच. फक्त लेन्सचा विषय तू काढायचा नाहीस. मी कधी काढलाच तर म्हणायचास, "तू म्हणत होतास तेच बरोबर. मी उगाच जवळ जायचो." दत्ता, इतकी वर्षं तुझ्याशी वाद घातला, आणि ज्या दिवशी जिंकलो त्या दिवसापासून मला झोप नाही.

आणि अक्का! तू विचारायचास, वरती काय म्हटलं होतंस गं? ती दरवेळी वेगळं सांगायची. एकदा म्हणाली, "म्हटलं, जेवलंस काय रे?" एकदा म्हणाली, "म्हटलं, शर्टाचं बटण लाव." एकदा भाऊबीजेला म्हणाली, "तुका दिसला नाय ना? मगे जाऊंदे. दिसला असता तर कळला असता." चार वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या बाराव्याला तू माझ्या शेजारी बसला होतास आणि हळूच म्हणालास, "वसंता, ता राहिलाच रे." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात ठेवायचाही मला अधिकार नव्हता.

मागच्या महिन्यात इस्पितळात तू बरा होतास त्या दुपारी मी ठरवून आलो होतो. तू खिडकीबाहेर बघत होतास. सांताक्रूझकडे उतरणारं विमान दिसत होतं. "अजून दार उघडलं तर जाईन बघ," तू म्हणालास आणि हसलास. मी म्हटलं, "दत्ता, एक सांगायचंय." तू म्हणालास, "सांग." तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आल्या. तू चमचा बाजूला सारून पुन्हा म्हणालास, "अरे सांग की." मी म्हणालो, "काही नाही, दुकान बंद करायचं म्हणतोय." तू म्हणालास, "मग मी बसू कुठे?"

पाचव्या दिवशी तू गेलास.

काल मी वैशालीला बोलावून घेतलं. छापण्याआधी तिला सांगायला हवं होतं. दोन्ही लेन्स मी काउंटरवर ठेवल्या आणि वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं. ती स्टुलावर बसून ऐकत होती, तुझ्याच स्टुलावर.

सगळं ऐकून म्हणाली, "काका, बाबा रोज सकाळी मानेचे व्यायाम करायचे. बारा वर्षं. मी म्हणायची, दुखत नाही तर कशाला करता? म्हणायचे, दगा देते ही."

मी दोन्ही लेन्स उगाच एका रेषेत ठेवल्या.

"आत्या असताना सांगितलं असतंत तर..." एवढं म्हणून ती थांबली. तिने टवका उडालेली काच उचलून उजेडात धरली. अंगठ्याने कडेवरून चाचपलं. "ही लागते अजून?"

मी जुनी कडी तिच्या जागेवर परत बसवली. हात थरथरत होता. तिने बघितलं, पण मदत केली नाही, आणि ते बरं केलं. कॅमेऱ्याची बॅटरी फुगून गेली होती. वायर लावून तो चालू केला. वायर पायरीपर्यंत कशीबशी पोचली.

"बाबा कसे उभे राहायचे?" तिने विचारलं.

मी सांगितलं. एक हात, एक पाऊल. ती तिथे उभी राहिली, कॅमेरा कपाळाशी धरून. मी पायरीला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भर दुपारी, गल्लीत. फरसाणवाल्याचा मुलगा बसतो आता दुकानात. त्याला काही माहीत नाही. तो नुसता बघत राहिला.

वैशालीने पडद्यात पाहिलं. "दोन्हीकडची बोटं आली. डोकंही आलं. खाली पायरी, चपला, सगळं." मग तिने आणखी जवळून बघितलं. "वर कोपऱ्यात एक बारीक डाग आहे. माशी बसल्यासारखा."

"तोच तो."

"एवढासा?"

"एवढासाच."

तिने मान फिरवली. कॅमेरा तसाच धरून होती, पण बघत रस्त्याकडे होती. तिचा खांदा हलत होता. मला हात खाली घ्यायचे होते, तिच्याजवळ जायचं होतं. पण मी हललो नाही. चित्र संपलं की एक शब्द म्हणायचा असतो, तो तिला कोणी शिकवला नव्हता.

माझे खांदे भरून आले, दत्ता. मी तसाच उभा राहिलो. तू "उतर" म्हणायची वाट बघत.